रपट्यावरचं पाणी

आमच्या नदीवर पूल झाला याचं दुःख झालेली मी अख्ख्या आर्वी तालुक्यात एकटीच असेन. लोक पूल व्हावा म्हणून अर्ज करतात, उपोषणाला बसतात, मतदानावर बहिष्कार टाकतात. आमच्या गावानंही यातलं बरंच काही केलं. पूल सुरू झाला त्या दिवशी फटाके फुटले, डीजे लागला, बाया नव्या कठड्याला हळदकुंकू लावून आल्या. मी गेले नाही. डोकं दुखतं म्हणून सांगितलं आणि घरात डाळ निवडत बसले. डोकं अजिबात दुखत नव्हतं. जीव जळत होता.

पुलाआधी आमच्याकडे रपटा होता. रपटा म्हणजे पूलच, पण बुटका. नदीच्या अंगाला लागून टाकलेला, खाली सिमेंटच्या नळ्या आणि दोन्ही कडांना मांडीएवढ्या उंचीचे दगडी खुंट. कठडा नाही. उन्हाळ्या-हिवाळ्यात त्याच्यावरून बैलबंडी, ट्रॅक्टर, एसटी सगळं जायचं आणि खाली नदी आहे हे कोणाच्या ध्यानातही यायचं नाही. पावसाळ्यात मात्र वरच्या अंगाला चार तास पाऊस लागला की पाणी रपट्यावर चढायचं. मग एसटी पलीकडच्या काठावरूनच वळायची आणि आम्ही अलीकडचे अलीकडे. पाणी कधी दोन तासांत उतरायचं, कधी तीन दिवस हलायचं नाही.

रपटा मध्ये थोडा खोलगट होता आणि आमच्या बाजूनं मोजलं तर तिसरा खुंट नेमका त्या खोलगट जागी. तो दिसेनासा झाला की कोणीही उतरायचं नाही, हा गावाचा कायदा. आमचं घर गावाच्या नदीकडच्या टोकाला, स्लॅबवर चढलं की रपटा समोर. त्यामुळे वर्ध्याहून, आर्वीहून ज्यांना यायचं असेल ते आधी आमच्या घरी फोन करायचे. मी वर जायचे, खुंट बघायचे आणि सांगायचे. ही रीत कधी पडली कोण जाणे, पण मी या घरात आले तेव्हापासून ते काम माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं. माझ्या हातच्या भाजीची कोणी कधी तारीफ केली नाही. पण पाण्याच्या बाबतीत माझा शब्द म्हणजे शब्द. एकदा एक अख्खं वऱ्हाड माझ्या सांगण्यावरून पलीकडच्या गावातल्या शाळेत थांबलं होतं, नवरदेव घोड्याच्या वाटेकडे डोळे लावून आणि मी इकडे स्लॅबवर कमरेला पदर खोचून. त्या दिवशी मला कलेक्टर झाल्यासारखं वाटलं.

आता जावेबद्दल. माझी धाकटी जाऊ सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स. माझ्यानंतर दहा वर्षांनी ती घरात आली. तिचं लग्न जमलं तेव्हाच सासूबाई चार घरी सांगून आल्या होत्या की नोकरीवाली सून येऊन राहिली आहे. मी दहा वर्षं त्यांच्या चुलीपाशी काढली, रोहण्यासारख्या लहान गावातून बारावी होऊन आले, पण माझ्याबद्दल त्या कोणाला काही सांगायला गेल्या नव्हत्या. जाऊ आली आणि महिन्याभरात गाव तिला सिस्टर म्हणायला लागलं. सुटीच्या दिवशी आमच्या ओट्यावर माणसं बीपी मोजून घ्यायला बसायची. त्यांना चहा कोणी करायचा? मी. दुवा कोणाला? तिला.

खरं सांगायचं तर ती भांडखोर नव्हती. भांडली असती तर सोपं झालं असतं. कमी बोलायची, काम उरकायची, मला ताई म्हणायची, दिवाळीला माझ्यासाठी स्वतःसारखीच साडी आणायची. तरी तिनं केलेल्या वरणात मला कायम मीठ कमी लागायचं. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात ना, ते अगदी असंच असतं. चूक मिठाची नसते. ती तिच्या पायांवर उभी होती आणि मी तिच्या चपला दारातून बाजूला करत होते, एवढीच गोष्ट होती.

मग तिला मुलगी झाली.

मला दोन मुलगे. दोघंही चांगले आहेत, पण मुलगे ते मुलगे, आणि तोवर ते आर्वीच्या वसतिगृहात गेलेलेही होते. मला मुलगी हवी होती हे मी कधी कोणाजवळ बोलले नाही. जावेच्या मांडीवर ती पोरगी पहिल्यांदा पाहिली, इवल्या मुठी, भरपूर जावळ, आणि मी पाणी आणायच्या निमित्तानं आत निघून गेले. देवानं हिला नोकरी दिली, गोरा रंग दिला, वर मुलगीही दिली. देवाचं वाटप पाहिलं की वाटतं, त्यानं आमच्या सासूबाईंचा सल्ला घेतला असावा.

पण एक वाटप नदीनं केलं, आणि ते माझ्या बाजूनं केलं. जावेची सुटी संपली आणि ती परत कामावर रुजू झाली. रपटा मोकळा असे तोवर ती एसटीनं रोज जाऊन येऊन करायची. पावसाळ्यात ते शक्य नव्हतं. पाणी आलं म्हणून पेशंट थोडेच थांबतात? म्हणून आषाढ लागला की ती सेवाग्रामला आणखी दोन नर्सबायांबरोबर एका खोलीत राहायची आणि सुटीला, रपट्यावर पाणी नसेल तर, घरी यायची. त्या खोलीत पोरीला ठेवायची सोय नव्हती. तिघींच्या तीन पाळ्या, पोरीकडे बघणार कोण? म्हणून आषाढापासून दसऱ्यापर्यंत पोरगी माझ्याजवळ. असं एक वर्ष नाही, सात पावसाळे.

ते सात पावसाळे माझे होते. पोरगी माझ्या हातचं जेवली, माझ्या कुशीत झोपली, पहिलं पाऊल तिनं आमच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, टाकलं, भिंत सोडून थेट माझ्याकडे. मला ती मोठी आई म्हणायची. एकदा, तीन-चार वर्षांची असेल, भुकेच्या तंद्रीत नुसतंच आई म्हणाली. मी तिला चुकलीस म्हणाले नाही. भाकरी दुधात कुस्करत राहिले आणि तिनं परत तसंच म्हणावं म्हणून दुसरी भाकरी जरा उशिरा दिली. माय मरो पण मावशी जगो, ही म्हण कोणी केली असेल ते मला माहीत नाही, पण त्या बाईलाही माझ्यासारखीच एक जाऊ असणार.

आणि मग शनिवारी नाहीतर रविवारी जाऊ यायची. रपट्याच्या उतारावरून पिशवी सावरत चढताना दिसायची. पोरगी माझ्या कडेवरून घसरून अशी धावायची की तिचा परकर पायात यायचा. सहा दिवस मी न्हाऊ-माखू घातलेलं, मी वेणी घातलेलं, मी काजळ लावलेलं ते लेकरू त्या बाईच्या गळ्यात पडायचं आणि तिच्या अंगाचा दवाखान्याचा वास हुंगत राहायचं. मी तोवर चहा ठेवायला आत गेलेली असायचे. चहा उतू जायचा.

दर सकाळी तिचा फोन यायचाच. आधी पोरीचं विचारायची, मग पाण्याचं. मी खरं तेच सांगायचे. एखाद्या वेळी उतरायला लागलेलं पाणी मी अजून आहे म्हणून सांगितलं असेल, पण तो अंदाजाचा भाग. मुद्दाम खोटं मी एकदाच बोलले.

त्याच्या आधी पुलाची भानगड सुरू झाली होती. दुर्बीण लावून माणसं आली, आमच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, लाल झेंड्या रोवून गेली. गावानं किती वर्षं मागणी केली होती, तर लोक हरखले. ग्रामपंचायतीत बायांच्या सह्यांचा अर्ज निघाला होता, त्यावर माझी सही नव्हती. शेजारीण विचारायला आली तर मी म्हटलं, पूल झाला की चोऱ्या वाढतील. ती माझ्याकडे बघत राहिली. आमच्या गावात चोरण्यासारखं काय आहे, हा तिचा प्रश्न अगदी रास्त होता. माझ्याकडे होतं.

खांब उभे राहिले आणि काम थांबलं. ठेकेदार पळाला म्हणे. दोन वर्षं ते खांब रपट्याच्या खालच्या अंगाला तसेच उभे, त्यांच्यावर बगळे बसायचे. घरात सगळे चडफडायचे. जाऊ तर एकदा ताटावर बसल्या बसल्या रडली, की हा पूल काही माझ्या हयातीत होत नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि आतून मला इतकं गार गार वाटलं की माझीच मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. मग नवा ठेकेदार आला आणि एका उन्हाळ्यात त्यानं निम्म्या खांबांवर स्लॅब टाकला. तेव्हा मला कळलं की माझ्याकडे आता एकच पावसाळा उरला आहे.

त्या पावसाळ्यात पोरगी सात वर्षांची होती.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. तो लेकरांचा पोळा. मोठ्यांचे खरे बैल आदल्या दिवशी मिरवून झालेले असतात, आता पोरं लाकडाचे बैल घेऊन निघतात. चाकांवरचा बैल, त्याला दोरी, पाठीवर झूल, शिंगांना बेगड. सजून-धजून सगळी देवळापुढे जमतात, मग घरोघर जाऊन बोजारा मागतात आणि लोक त्यांच्या हातावर चिल्लर नाहीतर खाऊ ठेवतात. ज्याचा बैल चांगला सजला, जो चांगला नटला, त्याला बक्षीसही असतं. आमच्या घरातला बैल सागवानी, माझ्या मुलांच्या वेळचा. त्या वर्षी मी महिनाभर आधीपासून त्याच्या मागे लागले होते. घासून रंग दिला, माझ्या लग्नातल्या शालूचा काठ कापून झूल शिवली. शालू कापताना स्वतःलाच म्हटलं, हा आपला शेवटचा पोळा.

आणि पोळ्याच्या चार दिवस आधी पोरगी नाचत आली. आई येणार होती. आईनं सुटी काढली होती, वर्ध्याहून तिच्यासाठी शिवलेली नऊवारी घेतली होती, नथसुद्धा घेतली होती आणि तान्ह्या पोळ्यात आईच तिला घेऊन फिरणार होती. मी बरं म्हटलं. झुलीला टिकल्या लावत होते, त्या लावत राहिले. महिनाभर बैल मी सजवायचा आणि मिरवायला ही येणार, आयत्या बिळावर नागोबा. मग लोक म्हणणार, सिस्टरची पोरगी किती गोड सजली.

पोळ्याच्या दिवशी आणि त्याच्या आदल्या दिवशीही रपट्यावर पाणी होतं. तान्ह्या पोळ्याच्या पहाटे मी स्लॅबवर गेले तर पाणी उतरलेलं. रपटा धुवून काढल्यासारखा चकचकीत, सगळे खुंट उघडे. दोन सायकलवाले माझ्या डोळ्यांसमोर पलीकडून आले. मी खाली आले आणि पोरीची वेणी घालायला बसले.

फोन आला तेव्हा माझ्या हातात तिच्या केसांचे तीन पेड होते. फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला. जावेच्या मागे गाड्यांचा आवाज येत होता, ती वर्ध्याच्या बसस्टँडवर पोचलेलीही होती.

"ताई, पाणी किती आहे?"

"तिसरा खुंट दिसून नाई राह्यला," मी म्हटलं. "येऊ नको. जिवापेक्षा सण मोठा आहे काय?"

ती बरं म्हणाली, पोरीला समजावा म्हणाली आणि फोन ठेवला. माझे हात केसांतून थांबले नव्हते. आमच्या दारातून रपटा दिसत नाही, पण पोरगी सकाळीच माझ्यामागे स्लॅबवर येऊन गेली होती. तिनं खुंट पाहिले होते. मोजायलाही तिला मीच शिकवलं होतं. मी वेणीला रिबीन बांधली, ती उठली आणि तिनं मला काही विचारलं नाही.

जाऊ दुसऱ्या कोणाला फोन करून विचारेल ही भीती मला नव्हती. पाण्याचं आमच्याच घरी विचारायचं, हीच रीत. राहता राहिला तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडच्या पुरुषांना काही विचारण्यात अर्थ नसतो. तो आणि माझे मालक दोघंही सकाळपासून वावरातल्या कोठ्यावर, म्हणजे गुरांच्या गोठ्यात, पत्ते कुटत बसले होते.

मी पोरीला माझं जुनं लुगडं दुमडून नेसवलं, पिनांवर पिना लावल्या, नथ माझी घातली. देवळापुढे पोरांची ही गर्दी. आमचा बैल सगळ्यात उठून दिसत होता. मी पोरीचा हात धरून अशी चालले होते की जणू माझंच लग्न आहे. आणि तिथे गावातली एक म्हातारी, पलीकडच्या गावी लेकीकडे पोळ्याला गेलेली, पोरीच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "तुही माय काऊन नाई आली वं?"

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच पाहिलं.

"रपट्यावर पाणी आहे," ती म्हणाली.

"अवं, मी तं आत्ताच आली रपट्यावरून. चप्पल बी ओली नाई झाली."

"तवा नसन," पोरगी म्हणाली. "आता चढलं."

म्हातारी हसली आणि पुढे गेली. मला त्या क्षणी काय वाटलं ते मी लपवत नाही. मला आनंद झाला. सात वर्षांची पोरगी, कोणी न सांगता, न शिकवता, माझी बाजू घेऊन उभी राहिली होती. मला वाटलं, जन्म कोणी दिला याला काय अर्थ आहे, पोरगी माझी आहे. तिला त्या दिवशी दुसरं बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. तो तिनं माझ्या हातात दिला आणि घरी जाऊ म्हणाली. बोजारा मागायला ती एकाही दारी गेली नाही. पाय दुखतात म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात पूल पुरा झाला. जावेनं स्कूटी घेतली. पहिल्याच आठवड्यात ती पुलावरून आली, तेव्हा मी स्लॅबवर वाळवणं घालत होते. पलीकडच्या वळणावर एक ठिपका दिसला आणि मी कुरडईची दुसरी ओळ घालायच्या आत ती दारात हॉर्न वाजवत होती. पाणी विचारायला फोन नाही, खुंट नाही, काही नाही. पूल इतका उंच होता की त्याला नदीशी काही देणंघेणंच नव्हतं.

ती आता रोज संध्याकाळी घरी यायला लागली, पावसाळा असो नसो. एवढ्यावर थांबलं असतं तरी मी सोसलं असतं. शाळा सुरू व्हायच्या आधी तिनं पोरीचं नाव गावच्या शाळेतून काढून वर्ध्याच्या शाळेत घातलं. सकाळी पोरगी तिच्यामागे स्कूटीवर बसून जायची, शाळा सुटली की वर्ध्याला जावेच्या बहिणीकडे थांबायची आणि संध्याकाळी आईबरोबर परत. घरी आली की जेवण, अभ्यास आणि त्यांच्या खोलीचं दार. मी एकदा म्हटलं की लेकराची किती दगदग होते, इथे माझ्याजवळ काय कमी आहे? जाऊ म्हणाली, कमी काही नाही ताई, आता सोय झाली ना. तिनं माझ्याकडे न बघता स्कूटी पुसत हे म्हटलं.

गरज सरो, वैद्य मरो. सात वर्षं माझी गरज होती, पूल झाला आणि सरली. मी त्या पुलाला किती शिव्या दिल्या असतील याची मोजदाद नाही. रोज सकाळी स्लॅबवरून बघायचे, तर पोरीचे दोन्ही हात आईच्या कमरेला आणि दप्तर पाठीवर, आणि पुलाच्या मध्यावर गेल्यावर तिची रिबीन वाऱ्यानं उडायची. मला पलीकडे जायचं असलं तरी मी रपट्यावरूनच जायचे. लोक हसायचे, म्हणायचे, वहिनी, सरकारनं एवढा पूल कोणासाठी बांधला? मी म्हणायचे, सिस्टरसाठी.

वर्षं गेली. सासूबाई गेल्या. पोरगी शिकली, मोठी झाली, आता पुण्याला एका कंपनीत आहे. रविवारी फोन करते, आधी आईशी बोलते, मग मला देते. माझ्याशी गोड बोलते. मोठी आई, तब्येत कशी, गुडघे कसे. पाहुण्या बाईशी बोलावं तसं सगळं नीट बोलते. जाऊ आणि मी आता दोघीही पिकलेल्या. बीपीची गोळी ती मला देते आणि मी विसरले तर रागावते. माझा मत्सर मेला असं मी म्हणणार नाही, पण त्याचेही गुडघे दुखायला लागले आहेत.

यंदा मोठा पूर आला आणि रपट्याचा मधला भाग वाहून गेला. इतकी वर्षं माझ्याशिवाय फारसा कोणाचा वापर नव्हता, नळ्या गाळानं भरलेल्या, वर बेशरमाची झाडं उगवलेली. दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर अख्खा गाव पुलावर उभा राहून ते बघायला गेला. जावेनं मला आग्रह करून नेलं. मी त्या पुलावर पहिल्यांदाच पायी उभी होते. खाली गढूळ पाणी, दोन्ही काठांना रपट्याची तुटलेली टोकं, आणि तिसरा खुंट कुठे होता तेही समजत नव्हतं. लोक हळूहळू पांगले. आम्ही दोघीच राहिलो. आणि कोण जाणे काय झालं, माझ्या तोंडून ते निघून गेलं. चौदा-पंधरा वर्षं दाबून ठेवलेलं. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

"त्या तान्ह्या पोळ्याले रपट्यावर पाणी नव्हतं," मी म्हटलं. "मी तुले खोटं सांगितलं होतं."

तिनं कठड्यावरचा हात काढला नाही.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "मी आलती."

मला आधी कळलंच नाही. मग तिनं सांगितलं. त्या दिवशी माझा फोन ठेवल्यावर ती बसस्टँडवर तशीच बसून राहिली. गाडी लागली तेव्हा तिला वाटलं, पलीकडच्या काठापर्यंत तरी जाऊ, पाणी उतरलं तर उतरलं. गाडी आली ती थेट रपटा ओलांडून गावातच आली. खुंट तिनं खिडकीतून पाहिले. तिला वाटलं मघाशी असेल, आता उतरलं असेल. ती नऊवारीची पिशवी घेऊन देवळाकडे आली. बायांच्या गर्दीत मागे, ओढणी डोक्यावरून घेऊन उभी राहिली, पोरीला एकदम पुढे येऊन चकित करावं म्हणून. पोरगी तिच्यापासून पाच-सात हातांवर होती. आणि तेवढ्यात ती म्हातारी आली.

"मी ऐकलं, ताई. तिनं तुमच्याकडे पाह्यलं, अन् मंग खोटं बोलली. एकदा नाई, दोनदा बोलली. मी तशीच मागं फिरली."

माझा स्वभाव असा की तेव्हाही माझ्या मनात आधी तेच आलं, की हिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं, पोरगी माझी बाजू घेत होती. जळली असेल. जळू दे. मी विचारलं, मग तू मला तेव्हाच काऊन नाही बोलली? भांडायचं होतं, झिंज्या धरायच्या होत्या.

"भांडून तिले कुठं ठेवली असती?" ती म्हणाली. "पूल नव्हता ना."

ती नदीकडे बघत होती. आवाज चढला नव्हता. बीपी मोजून आकडा सांगावा तसं ती बोलत होती.

"तुमी माह्याशी खोटं बोलल्या त्याचं मले काही नाई वाटलं. सात वर्साच्या पोरीले तुमी खोटं बोलाले लावलं. त्या दिवशी ती घरी येऊन किती रडली असन, विचारलं तुमी तिले? पुलावरून पहिल्या दिवशी आली ना मी, तवा ती मले बिलगून म्हणाली, आता पाणी सांगा लागणार नाई न. तवाच ठरवलं, हिले इथं ठेवाची नाई."

मग ती म्हणाली ऊन लागतं, चला, आणि माझा दंड धरून मला पुलाच्या उतारावरून सांभाळून खाली आणू लागली. तान्ह्या पोळ्याच्या त्या दिवशी पोरीनं रस्त्यातच पाय दुखतात म्हणून सांगितलं होतं, घरी येऊन ती सपरीत भिंतीकडे तोंड करून निजली होती, आणि मी शेजारणीला बक्षिसाचा डबा दाखवत बसले होते. ती रडली की नाही हे मला आजही माहीत नाही. मी तिकडे पाहिलंच नव्हतं.